केळझरचा अस्सल जखमी

तीस वर्षं मी शाळेत चित्रकला शिकवली. म्हणजे खरं सांगायचं तर तीस वर्षं स्वागताचे फळे रंगवले, पाहुण्यांची नावं वळणदार अक्षरात लिहिली आणि गॅदरिंगच्या पडद्यावर तोच एक हिमालय दरवर्षी नव्याने निळा केला. गणिताच्या मास्तरला सुट्टी लागली की त्याचा वर्ग मला, आणि माझा तास कधी कोणाला हवा असेल तर तो त्यांचा. अशा माणसाला निवृत्तीच्या तोंडावर काहीतरी मोठं करून दाखवायची खाज सुटते. मलाही सुटली. मी आमच्या भागातल्या चित्रकला शिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर भरवलं, केळझरला, एका मंगल कार्यालयात.

माझ्यासकट चाळीस मास्तर जमले. चाळीस चित्रकला मास्तर एका छताखाली म्हणजे काय असतं, देवा! पहिला अर्धा दिवस कोणाच्या पोराला ग्रेड परीक्षेत कोणती श्रेणी मिळाली यावर गेला, उरलेला अर्धा जेवणात भजी होती की नव्हती यावर. कागद आणायला सांगितला होता, तो निम्म्यांनी आणला नव्हता. शिबिराचा फोटो मात्र कागद उघडायच्या आधीच सगळ्यांच्या मोबाईलवरून गावभर फिरून आला होता.

शिकवायला नागपूरहून एक पाहुणे बोलावले होते. खादीचा झब्बा, मानेपर्यंत केस, बोलताना डोळे मिटायची सवय. त्यांनी दुसऱ्या दिवसाचा विषय ठेवला होता: एकोणिसाव्या शतकातलं डच रेखाटन आणि त्यातली करुणा. आदल्या संध्याकाळीच भिंतीवर प्रोजेक्टरने त्यांनी एक चित्र दाखवलं. चित्रकाराचं नाव त्यांनी सांगितलं, पण ते असं काही घशातून काढलं की एकालाही ते परत म्हणता आलं नाही.

चित्र मात्र खरं होतं. त्याबद्दल मी कधीच वाकडं बोलणार नाही. काळ्या खडूचं साधं रेखाटन. कुठल्यातरी लढाईनंतरचा रस्ता. एक जखमी शिपाई आडवा पडलेला, त्याचं डोकं एका खेडूत बाईनं मांडीवर घेतलेलं, आणि एक म्हातारा त्याच्या फुटलेल्या पायातला बूट काढतोय. बूट काढताना त्या म्हाताऱ्यानं स्वतःचाच ओठ दातांत घट्ट धरलाय. दुखतंय शिपायाला, आणि ओठ चावतोय हा. एवढंच. शिपाई कोणत्या बाजूचा, ते त्या दोघांनी विचारलं असेल असं चित्रात कुठं दिसत नव्हतं.

पाहुण्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "बघा, इथे रेषा रडते आहे." झालं! चाळीस वह्यांत 'रेषा रडते' असं लिहिलं गेलं. मागून एकानं विचारलं, "सर, रडायला फोर बी पेन्सिल बरी की सिक्स बी?" आणि तो चेष्टा करत नव्हता.

दुसऱ्या दिवशी आम्हाला हेच चित्र जिवंत माणसं बसवून काढायचं होतं. आता जखमी कोण होणार? एकाची कंबर धरलेली, एकाचा शर्ट कडक इस्त्रीचा, एकजण म्हणाला की आडवं पडलं की त्याला झोप लागते. बाई होऊन बसायला तर कोणीच तयार नव्हतं. शिबिरात चार मॅडम होत्या. परक्या माणसाचं डोकं मांडीवर घ्यायचं म्हटल्यावर चौघींनी एकाच वेळी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषयच बदलला. शेवटी पाहुण्यांनीच तोड काढली. मंगल कार्यालयातली एक प्लॅस्टिकची खुर्ची घेतली, तिला एका मॅडमची जास्तीची साडी नेसवली, वर पदर घेतल्यासारखा केला आणि म्हणाले, "ही आपली करुणा." मी हसलो नाही. मी तिच्या निऱ्या नीट केल्या.

राहिला जखमी. तिथं माझ्या अंगात आलं. मी छाती फुगवून सगळ्यांसमोर म्हणालो, "जखमीचं काम माझ्याकडे. नाटकातला नाही, अस्सल आणतो." गावरान तुपाबद्दल बोलावं तसं मी बोललो. टाळ्याही पडल्या.

माझ्या डोळ्यासमोर एक माणूस होता. केळझरच्या बाहेर त्याचं वांग्याचं वावर, वावराला लागूनच घर. शेजारच्या सिंदी गावच्या बाजारात तो वांगी आणि सांबार घेऊन बसायचा. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी वीस वर्षं त्याच्याकडूनच भाजी घेत होतो, त्याची पोरगी माझ्या हाताखाली शिकली होती. मागच्या बाजारी तो पायाला फडकं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून बसलेला दिसला. ओलीत करताना, म्हणजे वावराला पाणी देताना, फावडं पायावर बसलं, म्हणाला. त्याला शुगर होती. जखम भरत नव्हती.

सकाळी मी मोटरसायकलवर त्याच्या दारात. तो बाजेवर बसला होता, पाय उशीवर. त्याची बायको एका पिशवीत कागद, टॉवेल, डबा भरत होती. मी माझं काम सांगितलं. तो हसला, म्हणाला, "मले कायले काढता जी? माह्या तोंडाले पाहून कागद फाटन."

बायको मात्र हसली नाही. ती म्हणाली, "सर, आज नाई जमत. यायले आज वर्ध्याले दवाखान्यात न्यायचं हाय. डाक्टरनं आजचंच बोलावलं. पायाचा रंग पालटून राह्यला म्हणे. आज नाई आले तं पाय राखता येणार नाई, असं सांगतलं."

इतकं स्वच्छ सांगितलं तिनं. यापेक्षा स्वच्छ कोणी काय सांगणार? मी विचारलं, "दवाखाना किती वाजेपर्यंत असते?" ती म्हणाली, "मोठा डाक्टर दोन वाजेपर्यंत."

"मग काय वहिनी! अकरा ते एक, दोन तासांचं काम. एक वाजता मी स्वतः गाडी करून दोघांना दवाखान्यात पोचवतो. तुम्हाला एसटीचे धक्केही नकोत. तुम्ही रस्त्यावर येऊन थांबा."

"पक्कं न सर?"

"अहो, शब्द देतो."

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "सर दारात येऊन म्हणून राह्यले, आता नाई कसं म्हणू वं?" आमच्याकडे मास्तर दारात आला की माणूस नाही म्हणत नाही. पोरगी शिकवली म्हणजे जन्माचं देणं लागतो असं समजतात हे लोक. मला ते ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच फोन न करता मी दारात गेलो होतो.

त्याला मोटरसायकलवर मागे बसवून मंगल कार्यालयात आणलं आणि सतरंजीवर निजवलं. डोकं खुर्चीच्या पायाशी, म्हणजे करुणेच्या मांडीवर असं समजायचं. पाहुण्यांनी त्याच्या पायाकडे पाहून नाक मुरडलं. दवाखान्याची पट्टी चिकटपट्टी लावून सपाट बसवलेली. "हिला काही चेहराच नाही," ते म्हणाले. मग मी जुन्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या आणि त्या पट्टीवरून गुंडाळल्या. "घट्ट, आणखी घट्ट," पाहुणे सांगत होते, "आवळल्याशिवाय चुण्यांना धार येत नाही." मी आवळलं. मग म्हणाले, थोडं लाल पाहिजे. चित्र सगळं कोळशानं काढायचं होतं, कागदावर लालचा एक ठिपका उमटणार नव्हता, तरी मी पोस्टर कलरच्या बाटलीतून बोट बुडवून पट्टीवर डाग उठवला. अक्कल गहाण ठेवली की माणूस किती टापटिपीनं काम करतो!

"दुखतं का रे भाऊ?" मी विचारलं.

"नाई जी. त्या पायाले मले काईच समजत नाई आता."

आणि मला बरं वाटलं! शपथेवर सांगतो, बरं वाटलं. पायाची जाणीव गेली म्हणजे काय झालं, हे माझ्यासारख्या घरी शुगरच्या गोळ्या ठेवणाऱ्या माणसाला कळायला नको? मला एवढंच कळलं की हा हलणार नाही. शेजारचा मास्तर तर म्हणालासुद्धा, "असा मॉडेल मिळायले नशीब लागते."

आम्ही काढू लागलो. चाळीसजण अर्धवर्तुळात, कोणी खुर्चीवर, मी मात्र उभा, कारण पाहुणे म्हणाले होते की खांद्यातून रेषा यायला उभं राहावं लागतं. हॉलभर नुसता कोळशाचा खरखर आवाज. पाहुणे मागून फिरत, कोणाच्या कागदावर बोट टेकवत म्हणत, "इथे वेदना कमी आहे, इथे वाढवा." वेदना म्हणजे जणू वरणातलं मीठ.

माझं चित्र त्या दिवशी जमून आलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा हात मनासारखा चालत होता. चेहरा झाला, छाती झाली, पडलेला हात झाला. पायाचा भाग तेवढा राहिला होता.

एक वाजला ते मला कळलं. मी विसरलो, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, अगदी बायकोलाही. पण मी विसरलो नव्हतो. भिंतीवर घड्याळ होतं आणि मी ते पाहिलं. त्यानंही विचारलं, आडव्या आडव्या, मान न हलवता, "सर, एक वाजला का जी?"

मी म्हणालो, "होत आलाय."

डॉक्टर उद्याही भेटेल, हा हात उद्या असा चालायचा नाही, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. जेवणाची घंटा झाली. पाहुणे म्हणाले, लय तोडू नका, जेवण उशिरा. भज्यांसाठी भांडणारे ते चाळीस मास्तर, त्या दिवशी एकानेही कुरकुर केली नाही. आम्हाला आमच्याच मोठेपणाची धुंदी चढली होती. आडव्या पडलेल्या शुगरच्या माणसाला कोणी दोन घास विचारले नाहीत. त्यानं पाणी मागितलं, ते एका मॅडमनं दिलं, एवढीच त्या दिवसाची खरी करुणा. बाकीची खुर्चीवर बसली होती.

दोन वाजून गेले. मी पायावर आलो तेव्हा पट्टीवरचा डाग मला मोठा दिसला. मी चिडलो. शेजारच्या मास्तरला म्हणालो, "अहो, लाल कशाला वाढवलात? डाग केवढा ते ठरलेलं असताना?"

तो म्हणाला, "मी हात तरी लावला काय?"

"मग कोणी लावला?"

मागचा म्हणाला, मी नाही. त्याच्यामागचा म्हणाला, मी तर इथून उठलोच नाही. त्यावरून बाचाबाची लागली. रंगाची बाटली कोणाकडे होती, झाकण कोणी उघडं टाकलं, सगळी चौकशी झाली. चित्रकलेत आयुष्य घालवलेली चाळीस माणसं, लाल रंग कोणाचा यावर दहा मिनिटं भांडली. जागेवरून उठून बोट लावून पाहिलं नाही एकानं. शेवटी पाहुण्यांनी डोळे किलकिले करून निवाडा दिला, "असू द्या. फार खरा वाटतोय."

मग आम्ही तो काढला.

साडेतीन झाले असतील. दारात त्याची बायको आली. एक वाजल्यापासून हातात पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होती बिचारी, येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे पाहत. चपला बाहेर काढून आत आली. सरळ नवऱ्यापाशी गेली, ती साडी नेसलेली खुर्ची उचलून बाजूला आपटली, खाली बसली आणि त्याचा पाय मांडीवर घेतला.

"हलू नका!" पाहुणे ओरडले. "बाई, तशाच राहा! कोणी हलू नका!"

आणि खरखर सुरू झाली. चाळीस हात एकदम. लाज वाटते सांगायला, माझाही हात निघाला होता कागदाकडे. भिंतीवर आदल्या संध्याकाळी पाहिलेलं ते चित्र समोर येऊन बसलं होतं, आणि आम्हाला त्यातलं एवढंच कळलं होतं की ते काढून घ्यावं.

ती धोतराची गाठ सोडत होती. सुटेना, मीच आवळली होती. तिनं ती दातांनी सोडवली. मग आपली ओली झालेली बोटं पाहिली, माझ्याकडे वळली आणि अगदी हळू म्हणाली, "हा रंग नाई सर."

खरखर थांबायला तरी वेळ लागला. मागच्या रांगेत ऐकू गेलं नव्हतं.

"काढा," ती म्हणाली, आता मोठ्यानं, "काढा न, थांबले काऊन? नीट काढून घ्या पाय. उद्या राह्यते का नाई कोणाले मालूम."

तेव्हा मी हातातला कोळसा टाकला. मोटरसायकलची किल्ली खिशात होती, मी सगळे खिसे चाचपले आणि ती सापडेना. सापडली असती तरी त्या अवस्थेतला माणूस मोटरसायकलवर बसला कसा असता? गाडी करतो म्हणालो होतो, ती केलीच नव्हती. शेवटी आमचा आचारी धावला. चित्रातलं त्याला काडीचं कळत नव्हतं. त्यानं आपल्या टेम्पोतली भांडी भराभरा अंगणात उतरवली, गहू-तांदळाच्या रिकाम्या पोत्यांची गादी केली आणि जखमीला एकट्यानं उचलून आत निजवलं. मास्तरांपैकी एकानं फाटक धरलं, दोघांनी फोटो काढले. मी टेम्पोत मागे बसलो. रस्ताभर तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, आणि तो मात्र दोनदा म्हणाला, "सर, तुमचा कार्यक्रम सोडून आले तुमी."

मोठा डॉक्टर गेला होता. दुसऱ्यानं पाहिलं, फोन झाले, भरती केलं. दुसऱ्या दिवशी पाय घोट्याच्या वरून काढला. डॉक्टरला मी धीर करून विचारलं, काल दुपारी आणलं असतं तर? तो तरुण होता, दमलेला होता. म्हणाला, "कदाचित बोटांवर भागलं असतं. सांगता येत नाही." मी त्या 'सांगता येत नाही'ला महिनाभर लटकून राहिलो. भेकड माणसाला तेवढा दोर पुरतो.

शिबिराचं प्रदर्शन झालं, ठरल्याप्रमाणे. फीत कापली, दिवा लावला. चाळीस चित्रं एका ओळीत, चाळीस वेळा तोच माणूस, चाळीस वेळा तोच पाय. उद्घाटनाला आलेले प्रमुख पाहुणे म्हणाले की या चित्रांसमोर उभं राहिलं की माणूस हळवा होतो. माझ्या चित्रापुढे ते जास्त वेळ थांबले. शाल दिली मला. मी घेतली. नाही म्हणायला तोंड लागतं, आणि माझं तोंड काय लायकीचं होतं ते मला माहीत होतं.

महिन्यानं मी त्याच्या घरी गेलो. इतके दिवस का नाही गेलो, याला कारण नाही. रोज सकाळी आज जाऊ म्हणायचो आणि सिंदीच्या बाजारातून दुसऱ्याच कोणाकडून भाजी घेऊन परत यायचो. तो अंगणात बाजेवर बसला होता, समोर वांग्यांचा ढीग, किडकी वेगळी करत होता. मला पाहून त्यानं उठायला हात टेकला. सवयीनं. मग त्याला आठवलं आणि तो तसाच बसला.

बायको दारात उभी होती. ती आत गेली नाही, या म्हणाली नाही. बरोबरच होतं तिचं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी तिचे पाय धरले असते. मी घरून सगळं पाठ करून आलो होतो: माझ्यामुळे झालं, मला घड्याळ दिसत होतं, मी खोटं बोललो. आणि मी वांग्यांच्या ढिगाकडे पाहत उभा राहिलो.

तो माझ्याकडे पाहत होता. मग बायकोला म्हणाला, "सरले खुर्ची दे वं." ती हलली नाही. मग त्यानं स्वतःच वांग्यांचा ढीग हातानं बाजूला सारला, बाजेवर माझ्यासाठी जागा केली आणि म्हणाला, "बसा जी. त्या रोजी सकाळपासून उभेच होते तुमी. मी खालून पाह्यत होतो. पाय लय दुखले असतीन तुमचे."

दुखले होते. त्या दिवशी दवाखान्यातून घरी गेल्यावर मी बायकोकडून पायांना तेल चोळून घेतलं होतं.